‘करण्यात येईल’ : यंत्ररचित शासनभाषा आणि कर्त्याचा प्रश्न

१

कायदा करणे आणि राज्य चालविणे ही दोन्ही कामे अखेर वाक्यांच्या द्वारेच होतात. अधिनियम, नियम, आदेश, अधिसूचना, नोटीस, निकाल ही सर्व वाक्यांचीच रूपे होत. ही वाक्ये आजवर माणसे लिहीत आली. ती लिहिण्यासाठी, त्यांचा अनुवाद करण्यासाठी, क्वचित त्यांतील निर्णय ठरविण्यासाठीही कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग आता होऊ लागला आहे. ह्या विषयावर विधिज्ञांनी आणि यंत्रविद्येच्या जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. भाषाभ्यासकाने मात्र ह्या वाक्यांच्या घडणीकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विवेचनास एक लहानसा प्रसंग निमित्त झाला. डोंगराकडील एका वाडीतून दहिवलीस आलेल्या एका वृद्ध ठाकर गृहस्थांनी आपल्या नातवाचा भ्रमणध्वनी माझ्यापुढे धरला आणि त्यावरील संदेश वाचून दाखविण्यास सांगितले. संदेश एकाच वाक्याचा होता : ‘आपला अर्ज अपात्र ठरविण्यात आला आहे.’ मी तो वाचला, अर्थही सांगितला. त्यांनी शांतपणे विचारले, “पण मास्तर, हे ठरवलं कुनी?” मी पुन्हा वाक्याकडे पाहिले. उत्तर वाक्यात नव्हते. कार्यालयाचे नाव होते, अर्जाचा क्रमांक होता, दिनांक होता. ठरविणारा कोठेच नव्हता. तो अर्ज एखाद्या अधिकाऱ्याने वाचला होता, की यंत्राने दोन याद्या ताडून पाहून आपोआप बाजूस काढला होता, हे त्या वाक्यावरून मला सांगता येईना. भाषाशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास इतक्या साध्या वाक्याचा कर्ता सांगता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

त्या गृहस्थांचा प्रश्न व्याकरणाचा होता आणि राज्यव्यवहाराचाही होता. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असे मला दाखवावयाचे आहे.

२

मराठी व्याकरणपरंपरेत प्रयोगविचारास मोठे स्थान आहे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. कर्तरी, कर्मणी आणि भावे ह्या प्रयोगांची व्यवस्था कशी लावावी, हा आपल्या वैयाकरणांच्या आवडीचा वादविषय राहिला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एकच अर्थ चार प्रकारे मांडला असता कर्त्याचे काय होते, एवढेच पाहू.

‘तलाठी नोंद करील.’ येथे कर्ता प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्या पुरुष-वचनांप्रमाणे चालते. ‘तलाठ्याने नोंद करावी.’ येथे कर्ता तृतीयेत गेला, क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालू लागले. तरी कर्ता वाक्यात आहे. ‘तलाठ्याकडून नोंद केली जाईल.’ येथे तो एका शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने कसाबसा उभा आहे. त्यास वगळले तरी वाक्य पुरे होते. ‘नोंद करण्यात येईल.’ येथे तो गेला. त्यास परत आणणे अशक्य नाही. परंतु ‘तलाठ्यामार्फत नोंद करण्यात येईल’ असे लिहिणाराही प्रायः त्यास काम करणारा म्हणून आणतो, ठरविणारा म्हणून नव्हे. ही चार पायऱ्यांची उतरंड आहे, आणि आपली शासकीय मराठी बहुधा शेवटच्या पायरीवर राहते. कळविण्यात येते, सूचित करण्यात येते, रद्द करण्यात येत आहे, विचाराधीन ठेवण्यात आले आहे, ही रूपे मराठी वाचकास पाठ आहेत.

ही रचना इंग्रजी कर्मणीच्या तर्जुम्याच्या सोयीसाठी बळावली, असे सामान्यतः मानले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. राज्यव्यवहाराची भाषा सुधारण्याचे आपल्याकडील मोठे प्रयत्न शब्दांचे होते, वाक्यांचे नव्हते. शिवकालात रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. महाराष्ट्र राज्य निर्माण झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला. त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टाही झाली. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. ह्या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचा उद्देश नाही. परंतु ‘डायरेक्टर’ला ‘संचालक’ म्हणावे की नाही ह्यावर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या शतांशानेही संचालकाने केलेली गोष्ट ‘संचालकाने केली’ अशी लिहावी की नाही ह्यावर खर्च झाली नाही.

आपल्या जुन्या व्यवहारात ही गोष्ट निराळ्या रीतीने सांभाळली जात असे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात ज्या महजरांचा अभ्यास केला, ते डोळ्यांपुढे आणावे. गोतसभेपुढे तंटा चाले, निवाडा होई, आणि महजरावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. अक्षरशत्रू पाटीलही नांगराची निशाणी करी. त्या सभांत जातीची उतरंड होती, अन्यायही होता. त्यांचे गोडवे गाण्याचे प्रयोजन नाही. परंतु हा निर्णय कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावरच असे. वाक्यात कर्ता नसला तरी तो समासात उभा असे.

३

ह्या पार्श्वभूमीवर यंत्राचा विचार करावयाचा. ज्यास आज कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिच्या अनेक शाखा आहेत. लिहिण्याचे काम करणारी जी शाखा, तीस येथे सोयीसाठी ‘भाषायंत्र’ म्हणू. भाषायंत्र प्रचंड लिखित सामग्रीवरून, कोणत्या शब्दसमूहानंतर कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे शिकते आणि त्या अंदाजाने मजकूर रचीत जाते. त्याची करामत विलक्षण आहे हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु जे लिखाणात विपुल, ते त्यास सहज. जे विरळ, ते त्यास दुर्घट. मराठी शासकीय लेखनाचा जो साठा त्यास उपलब्ध होतो, त्यात शासन निर्णयांचा आणि परिपत्रकांचा भरणा मोठा असणार. तेव्हा ‘करण्यात येईल’ हीच शासनाची स्वाभाविक वाणी होय, असा त्याचा समज झाल्यास त्यास दोष देता येणार नाही. कर्ता लपविण्याची खोड यंत्राने शोधून काढलेली नाही. ती आपण त्यास शिकविली. मात्र लेखनिकाच्या हातून जे दिवसाला दहा वेळा घडे, ते आता दहा हजार वेळा घडू शकते, हा फरक सामान्य नव्हे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, कायदा मंत्री स्वतः कधीच लिहीत नव्हता. मसुदा लेखनिकच करीत असे. मग लेखनिकाच्या जागी यंत्र आले तर बिघडले कोठे? आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर नस्तीत आहे. मंत्रालयातील मसुदा एकाएकी प्रकट होत नाही. त्यास टिपण्या असतात, समासात आद्याक्षऱ्या असतात, विधि व न्याय विभागाच्या शंका असतात, कोणी ‘परंतु’ घातला आणि कोणी काढला ह्याचा माग असतो. लेखनिकास विचारता येते की, हा शब्द का घातला? तो उत्तर देतो, अडखळतो, कधी शब्द मागेही घेतो. यंत्रासही विचारता येते आणि तेही उत्तर देते. परंतु ते उत्तर पहिल्या मजकुराचे कारण असतेच असे नाही, तो पुष्कळदा नव्याने रचलेला दुसरा मजकूर असतो.

ह्याचे उदाहरण काल्पनिक नाही. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे ह्या शहराच्या नगर परिषदेत २०२३ साली रामिरो रोझारियो ह्या सदस्याने एक ठराव मांडला. चोरीस गेलेले पाण्याचे मापक बदलण्याचा भुर्दंड नागरिकावर पडू नये, असा त्याचा आशय. ठराव एकमताने संमत झाला. त्यानंतर सदस्याने जाहीर केले की, हा मजकूर आपण चॅटजीपीटी ह्या भाषायंत्राकडून लिहवून घेतला आणि सहकाऱ्यांना मुद्दामच सांगितले नाही. यंत्रास दिलेली सूचना सुमारे ४९ शब्दांची होती. यंत्राने तीवरून पुरा मसुदा तर दिलाच, शिवाय नवा मापक बसविण्यास तीस दिवसांची मुदत आणि ती टळल्यास देयकातून सूट, अशी न मागितलेली तरतूदही सुचविली. तरतूद कदाचित लोकोपयोगीच असेल. प्रश्न निराळा आहे.

कायद्याचा अर्थ लावताना न्यायालये असे गृहीत धरतात की, विधिमंडळ एकही शब्द निरर्थक वापरीत नाही. प्रत्येक शब्दामागे हेतू आहे. आपल्याकडील प्रत्येक विधेयकास ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेले असते ते ह्याच समजुतीपोटी. आता हे ‘तीस दिवस’ कोणाच्या हेतूने आले? सूचना देणाऱ्याच्या मनात ते नव्हते. मत देणाऱ्यांना त्यांचे मूळ ठाऊक नव्हते. यंत्रास हेतू म्हणून काही असतो असे मानावयास आधार नाही. संभाव्यतेने आलेला शब्द आणि हेतूने आलेला शब्द कागदावर सारखेच दिसतात. अर्थनिर्णयाच्या शास्त्राने ज्या ‘हेतू’वर आपली इमारत रचली, त्याखालची जमीन येथे सरकते. संयुक्त अरब अमिरातीने एप्रिल २०२५ मध्ये कायद्यांच्या रचनेत व दुरुस्तीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी स्वतंत्र कार्यालय उभारण्याचे घोषित केले. तेव्हा ही गोष्ट एका नगर परिषदेच्या गमतीपुरती राहिलेली नाही.

४

आपल्याकडे यंत्राचा शिरकाव प्रथम अनुवादाच्या दाराने झाला, आणि हे स्वाभाविकच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ‘सुवास’ नामक विधिअनुवादाची यंत्रणा सुरू केली. तिच्या साहाय्याने निकालांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवाद होऊ लागले. पक्षकारास आपला निकाल आपल्या भाषेत वाचावयास मिळणे, ह्याहून न्याय्य गोष्ट कोणती? परंतु ह्या अनुवादांवर अशी सूचना असते की, ते पक्षकाराच्या आकलनापुरते आहेत. अधिकृत पाठ इंग्रजीच. म्हणजे ज्या वाक्यावर मराठी वाचकाने विसंबावयाचे, त्या वाक्याची हमी कोणीच घेत नाही.

न्यायालयीन इंग्रजीतील ‘लीव्ह ग्रँटेड’ ह्या शब्दांचा, म्हणजे ‘अनुमती दिली’ ह्याचा, यंत्राने हिंदीत सुट्टी मिळाल्याचा अर्थ लावला, हे उदाहरण न्यायाधीशांनीच जाहीरपणे सांगितले आहे. त्यावर लोक हसले. भाषेच्या इतिहासाकडे पाहणाऱ्यास त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मराठीत हा अनुवाद ‘रजा दिली’ असा झाला असता, तर तो जुन्या मराठीत चुकीचा ठरला नसता. ‘रजा’ हा अरबी शब्द मुळात संमतीचा वाचक, आणि जुन्या मराठीत तो अनुज्ञा, परवानगी ह्या अर्थाने नांदत होता. कामावरील सुट्टीचा अर्थ नंतर प्रबळ झाला. अर्थ शब्दात नसतो, तो शब्दाच्या वापरात आणि काळात असतो. आणि नेमका हाच भाग विरळ सामग्रीच्या भाषेत यंत्रास अवघड जातो.

महाराष्ट्रातील स्थिती तर अधिक नाजूक आहे. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडान्वये, राज्याच्या विधिमंडळाने इंग्रजीखेरीज अन्य भाषेत केलेल्या कायद्याचा जो इंग्रजी अनुवाद राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होतो, तो त्याचा इंग्रजीतील अधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे येथे अनुवाद हा केवळ समजुतीचा कागद नसून स्वतः कायदाच होऊन बसतो. अशा अनुवादाचे काम यंत्राकडे गेल्यास त्याची प्रत्येक चूक ही कायद्यातली चूक होईल. मराठीतील ‘करील’ आणि ‘करू शकेल’ ह्यांतील अंतर म्हणजे कर्तव्य आणि स्वेच्छाधिकार ह्यांतील अंतर. ‘करता येईल’ ह्यात तर क्षमता, परवानगी आणि अधिकार हे तीनही अर्थ मिसळलेले असतात. त्यांतला कोणता घ्यावयाचा, हे वाक्याबाहेरच्या ज्ञानावर ठरते.

आणि वाक्याबाहेरचे ज्ञान म्हणजे काय, हे कर्जत-खालापूरच्या परिसरात पाहावयास मिळते. येथील भातशेतीत राबाला महत्त्व. राबासाठी गवत-पाचोळा ज्या उताराच्या जमिनीवरून येतो, नाचणी-वरी जिच्यावर पिकते, ती ‘वरकस’. कूळकायद्यात वरकस जमिनीचा निराळा विचार आहे, तो ह्या शेतीपद्धतीमुळे. तसाच शब्द ‘दळी’. जंगलउतारावर ठाकर, कातकरी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या जे तुकडे कसत आली, त्या दळी जमिनी. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा म्हणून हा विशेष प्रकार होता. आज ह्या जमिनींचा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कक्षेत येतो. ‘दळी’ हा शब्द छापील मराठीत अत्यंत विरळ आहे. विरळ शब्द दिसताच यंत्राचा कल जवळच्या विपुल शब्दाकडे जाण्याचा; ‘दळण’ आणि ‘डाळ’ हे त्याचे शेजारी. दळीचे दळण झाले तर विद्यापीठात तो विनोद होईल. वाडीत त्यापायी दावा बुडेल. आणि ज्या कातकरी बोलीत हा दावा प्रथम तोंडाने सांगितला जातो, तिची लिखित सामग्री तर नसल्यासारखीच आहे. यंत्राच्या दृष्टीने ती भाषा बोललीच जात नाही.

५

अनुवादाच्या पुढची पायरी निर्णयाची. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक मूल्यनिर्धारण आदेश रद्द केला. त्या आदेशात आधारभूत म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. ते यंत्राकडून आले होते असे न्यायालयाने निश्चितपणे ठरविले नाही. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ह्या काळात, यंत्रणेने दाखविलेल्या निष्कर्षांवर आंधळेपणाने विसंबू नये, वापरण्यापूर्वी ते पडताळून घ्यावेत, असे बजावले. हा आदेश ‘फेसलेस’ म्हणजे चेहराविहीन पद्धतीने काढलेला होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. चेहरा काढण्यामागे लाचलुचपत टाळावी हा स्तुत्य हेतू होता. पण चेहरा काढताना कर्ताही निघून जाऊ नये, ही खबरदारी वेगळी घ्यावी लागते.

आपल्या विधिपरंपरेत ही खबरदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात असे सांगितले की, एकाने ऐकावयाचे आणि दुसऱ्याने ठरवावयाचे, अशी सुनावणी हा पोकळ उपचार होय. ज्याने ऐकले त्यानेच ठरविले पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हाही ह्याच वळणाचा आहे. सेवेसाठी ‘पदनिर्देशित अधिकारी’ असतो. त्याने सेवा द्यावयाची, नाकारल्यास कारणे लेखी नमूद करावयाची. त्यावर पहिले व दुसरे अपील. म्हणजे कायद्याचे व्याकरण येथे कर्तरी आहे. दहिवलीच्या त्या भ्रमणध्वनीवर आलेले वाक्य मात्र ह्या व्याकरणाचा भंग करणारे होते. कायदा ‘अमुक अधिकारी नाकारील व कारण देईल’ असे म्हणतो. संदेश ‘अपात्र ठरविण्यात आला’ असे म्हणतो. दोहोंमध्ये केवळ शैलीचा भेद नाही. एकात अपील कोणाविरुद्ध करावयाचे ते कळते, दुसऱ्यात कळत नाही.

परदेशातील अनुभव ह्याहून कडवट आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या वाटपात गैरव्यवहार हुडकण्यासाठी संगणकीय जोखीम-गणना वापरली गेली. तीत नागरिकत्वासारखा निकषही होता. हजारो निरपराध कुटुंबांवर परतफेडीचा बोजा पडला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात उत्पन्नाची यांत्रिक सरासरी काढून गरिबांवर खोटी येणी लादण्याचा जो प्रकार झाला, त्यावर तेथील राजकीय आयोगाने २०२३ साली कठोर अहवाल दिला. दोन्ही ठिकाणी यंत्र लबाड नव्हते. यंत्राच्या निष्कर्षाखाली कोणी आपली सही आहे असे मानीत नव्हते, हा खरा दोष होता.

महाराष्ट्रही ह्या वाटेवर वेगाने पावले टाकीत आहे. पोलीसकामासाठी २०२४ मध्ये ‘मार्वल’ ही संस्था नागपुरात स्थापन झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवरून देण्यासाठी मेटा कंपनीशी सहकार्य जाहीर झाले. त्याच वर्षी शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण संमत झाले. ‘आपले सरकार’ हे नाव मराठीच्या एका गुणावर उभे आहे. मराठी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद करते. पहिल्यात श्रोता वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. ‘आपले’ म्हणताना शासन नागरिकास आपल्यात घेते. परंतु समोरून यंत्र बोलू लागले, तर ह्या ‘आपण’मध्ये नागरिकाबरोबर दुसरा कोण आहे?

६

आणखी एका गोष्टीचा निर्देश केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकर वस्ती दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले; ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ जुलैस शोधकार्य थांबविण्यात आले. दरडप्रवण गावांच्या यादीत ह्या वाडीचे नाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. त्या दुर्घटनेशी कृत्रिम बुद्धिमत्तेचा काही संबंध नव्हता. मी तिचा उल्लेख करतो तो यादीसाठी.

यंत्र यादीवर चालते. यादी मोठी असेल, सूक्ष्म असेल, क्षणोक्षणी सुधारली जात असेल. पण जे यादीत नाही ते यंत्रास नाही. मनुष्य यादीबाहेर पाहू शकतो. तो पाहतोच असे नाही, हे इर्शाळवाडीने दाखविले. तेव्हा मनुष्याच्या बाजूने बोलताना मनुष्य आजवर काय करीत आला, ह्याचा विसर पडू देता कामा नये. यादी अपुरी असल्याचा दोष कोणाचा, हे विचारता येते. विचारले गेले पाहिजे. यंत्राने ‘धोका नाही’ असे सांगितले असता तो दोष कोणाचा, हे विचारण्याची जागाच उरणार नसेल, तर आपण एका जुन्या अन्यायास नवे कुलूप लावीत आहोत.

७

ह्या सर्वांवरून यंत्र त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पूर्वपक्ष न्याय्य रीतीने मांडला पाहिजे. एकाच अधिनियमात एका संज्ञेस तीन प्रतिशब्द वापरले गेले आहेत काय, व्याख्या केलेला शब्द पुढे वेगळ्या अर्थाने आला आहे काय, नव्या तरतुदीचा जुन्या कायद्याशी विरोध होतो काय, हे तपासण्यात यंत्राची मदत मोलाची ठरेल. ज्या मराठी पक्षकारास कालपर्यंत निकालाचा एकही शब्द कळत नव्हता, त्यास सदोष का होईना अनुवाद मिळणे हा लाभच आहे. हे नाकारणारा मनुष्य बहुधा इंग्रजी जाणणारा असतो. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण ठरविले, त्यातील विवेक अनुकरणीय वाटतो : यंत्राचे साहाय्य घेता येईल, परंतु निष्कर्ष व निकाल त्यावर ठरवावयाचे नाहीत, यंत्राचे अनुवाद जाणकार अनुवादकाने अथवा न्यायाधीशाने तपासलेच पाहिजेत.

आपल्या भूमीतही एक चांगला पायंडा आहे. सातबारा संगणकावर आला तेव्हा त्यात असंख्य चुका राहिल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ साली राज्यभर चावडीवाचन झाले. संगणकातील उतारे गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचावयाचे आणि ज्याची जमीन त्याने चूक दाखवावयाची, ही त्याची रीत. त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली असेल असे नाही. परंतु तत्त्व मोलाचे होते. यंत्राने तयार केलेला मजकूर प्रमाण मानण्यापूर्वी, ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्याच्या कानावर तो त्याच्या भाषेत गेला पाहिजे, आणि ‘हे चूक आहे’ असे म्हणण्याची संधी त्यास मिळाली पाहिजे. दळीचे दळण झालेले वाडीवरच्या माणसाच्या कानाला तत्क्षणी खटकेल. ते पकडणारा दुसरा तपासनीस नाही.

तेव्हा भाषाभ्यासकाच्या बाजूने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, नागरिकाचा हक्क, लाभ अथवा दंड ज्या वाक्याने ठरतो, ते वाक्य कर्तरी वा कर्त्यासहित असावे. त्यात ठरविणाऱ्याचे पदनाम यावे, आणि यंत्राचे साहाय्य घेतले असल्यास तसे स्पष्ट म्हणावे. ‘करण्यात येईल’ ही रचना सर्वस्वी वर्ज्य करण्याची गरज नाही. कर्ता खरोखरच गौण असेल तेथे ती शोभते. दुसरी, मसुद्यातील यंत्ररचित भागाची नोंद नस्तीत राहावी, आणि तो भाग स्वीकारणाऱ्याची आद्याक्षरी त्यापुढे असावी, म्हणजे हेतूचा प्रश्न निघाला असता उत्तर देणारे कोणी असेल. तिसरी, यंत्रानुवादास अधिकृत पाठाचा दर्जा देण्यापूर्वी त्याचे चावडीवाचन व्हावे. येथे ‘चावडी’ म्हणजे त्या विषयाचे व्यवहार ज्यांना ठाऊक आहेत त्यांची सभा.

आपल्या विभागांपुढेही एक काम पडले आहे. शासकीय मराठीतील प्रयोगांची गणना, ‘शकेल’ व ‘येईल’ ह्यांच्या अर्थच्छटांची नोंद, आणि वरकस, दळी, राब ह्यांसारख्या स्थानिक व्यवहारशब्दांचे प्रयोगांसह कोश, हे विषय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहेत. यंत्रास मराठी शिकविली जाणारच आहे. ती कोणती मराठी असावी, हे ठरविण्याचे काम आपण केले नाही तर ते करण्यात येईल, आणि ते कोणी केले हे नंतर कोणास सांगता येणार नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना मी एक अर्ज लिहून दिला. आपला मूळ अर्ज कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या कारणासाठी नाकारला, हे लेखी कळवावे, एवढीच मागणी त्यात होती. तो त्यांच्याच शब्दांत असावा म्हणून त्यांना सांगावयास सांगितले, आणि शेवटी त्यांनी आपला अंगठा उठविला. त्या अर्जात कर्ता कोण, ह्याविषयी संदेह राहिला नव्हता. उत्तर अद्याप आलेले नाही.